चौदा दिवसांची रजा आणि पाच खिंडी

प्रश्न : ताई, मी ३२ वर्षांची आहे. कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करते. काही वर्षांपासून सायकल चालवते. रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा ठरलेला असतो. आंबा घाट उतरून त्याच दिवशी परत चढून आले आहे. येत्या जूनमध्ये मनाली ते लेह एकटीनं करायचं मनात आहे. सगळं सामान सायकलवर, मागे गाडीबिडी काही नको. रजा १४ दिवसांची मिळेल. बाबा म्हणतात, जायचंच असेल तर भाऊ मागून गाडी घेऊन येईल. मला ते नकोय, पण त्यांना समजावू कसं? तंबू, स्टोव्ह सगळं न्यायचं का? आणि उंचीचा त्रास होतो म्हणतात, तो कितपत मनावर घ्यायचा?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर :

पाय, तंबू, स्टोव्ह, बाबा, या सगळ्यांची काळजी तू पत्रात केली आहेस. रजेचं मात्र एका वाक्यात उरकलंस. मला नेमकं तेच वाक्य खुपलं, म्हणून आधी ते घेते. आणि उत्तरही आधीच देऊन टाकते : जा, एकटीच जा, पण या जूनमध्ये, चौदा दिवसांत नको.

हिशेब मांडून बघ. आपल्याकडून निजामुद्दीनला जाणारी गाडी आठवड्यातून एकदा, प्रवास दीड दिवसाच्या घरात. सायकल पार्सल ऑफिसात बुक करायची, उतरल्यावर सोडवून घ्यायची, मग दिल्लीहून रात्रभर बस. मनालीत पोचून सायकल जोडली, ब्रेक-गिअर लावून घेतले, एक रात्र नीट झोप काढली, की चार दिवस संपले. लेहहून विमानानं दिल्ली आणि तिथून घर, यात आणखी दोन-तीन. हातात राहिले सात. मनाली-लेह रस्ता साधारण ४७० किलोमीटरचा. सातानं भागलंस तर रोजचे सदुसष्ट येतात, आणि तू म्हणणार, एवढंच ना? पन्हाळा जाऊन-येऊनच चाळीस होतात, वर थोडं. कॅलेंडरवर ते बसतंसुद्धा. फक्त त्या रस्त्यावर दिवसाचा पल्ला पाय ठरवत नाहीत. आज रात्री किती उंचीवर झोपायचं, यावर तो ठरतो.

उंचीचे आकडे एकदा नीट बघू. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा हजाराच्या आत. कोकणातून देशावर येणारा आपला कुठलाही घाट धर, चढाई पाच-सहाशे मीटरची. मनाली मुळात दोन हजारांवर आणि तिथून पहिलीच खिंड रोहतांग, ३९७८ मीटर. म्हणजे करूळसारखे तीन-चार घाट एकावर एक, मध्ये उतार नाही. त्यानंतर बारालाचा, ४९०० च्या जवळ. मग नकी ला ('ला' म्हणजे खिंडच) ४७०० च्या वर, लाचुंग ला पाच हजारांच्या पुढे आणि शेवटी तांगलांग ला, ५३०० च्या वर. तांगलांगवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. छाती भरून श्वास घेतलास तरी आत जाणारा ऑक्सिजन निम्माच.

चढ अंगावर येणारा नसतो, हेही सांगते. लष्कराचे भरलेले ट्रक चढावेत म्हणून तो रस्ता वळणं घेत घेत नेलेला आहे. गाटा लूप्सची ती प्रसिद्ध एकवीस वळणं जोतिबाच्या शेवटच्या चढापेक्षा सौम्यच वाटतील. म्हणूनच तिथे धडधाकट, सरावाची माणसं फसतात. पायात रग असते, रस्ता साथ देतो, आणि दुपारपर्यंत ती शरीराला झेपेल त्याच्यापेक्षा हजार मीटर वर जाऊन बसलेली असतात. व्यायाम करणाऱ्याला उंची कमी लागते, हा निव्वळ गैरसमज आहे. फिट माणूस फक्त लवकर वर पोचतो, म्हणजे त्रासाच्या जवळही लवकर पोचतो.

डॉक्टर मंडळी पाळायला सांगतात ती शिस्त अशी : तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलीस तर हरकत नाही, मोजायची ती झोप. ही फूटपट्टी रस्त्यावर ठेवून बघ. मनालीत दोन रात्री. मग मढी, ३३०० च्या आसपास. दोन हजारांवरून ही उडी मोठीच आहे, म्हणून मनालीतली दुसरी रात्र वाचवू नकोस. पुढे रोहतांग ओलांडून कोकसर किंवा सिस्सू. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून लेहकडे जाणारी बहुतेक वाहनं खालून जातात. तू मात्र वरच्या जुन्या रस्त्यानंच जा, कारण शरीराला उंचीची पहिली ओळख रोहतांगच करून देतो आणि पलीकडे लगेच खाली उतरून झोपताही येतं. मग केलाँग, जिस्पा. जिस्पाला एक दिवस काही न करता बसायचं, नदीकाठी कपडे वाळत घालायचे.

यानंतरच्या टप्प्यावर बहुतेकांचा घोटाळा होतो. जिस्पा-दारच्याहून लोक थेट झिंगझिंगबार गाठतात. ३३०० वरून ४२०० च्या पलीकडे, म्हणजे एका रात्रीत नऊशे मीटर. मध्ये पत्सेओ आहे, सुमारे ३८०० मीटरवर. दारच्याहून अंतर थोडंच आहे, अर्ध्या दिवसात पोचशील आणि 'एवढ्यातच थांबायचं?' असं वाटेल. तिथेच थांबायचं. चौदा दिवसांची रजा घेऊन आलेली बाई पत्सेओला थांबत नाही, ही माझी खरी अडचण आहे.

कारण बारालाचा ओलांडला की खेळ बदलतो. त्या खिंडीपासून तांगलांग उतरेपर्यंत खाली पळायला सरळ वाटच नाही. सरचू ४३०० च्या आसपास. तिथे रात्री त्रास सुरू झाला तर मागे बारालाचा, पुढे लाचुंग. पांग ४६०० च्या घरात. तिथून मागे लाचुंग, पुढे मोरेचं मैदान आणि तांगलांग. उंचीच्या आजारावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. आणि इथे आजारी माणसाला खाली न्यायचं तर आधी आणखी वर न्यावं लागतं. म्हणून पुढे जायचं की नाही हे बारालाचाच्या अलीकडे ठरलं पाहिजे, सरचूला पोचल्यावर नाही.

एकटीनं जाण्यातला धोकाही इथेच आहे. चोर, कुत्री, रात्रीचा अंधार यांची धास्ती घरच्यांना असते. मला त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीची वाटते. विरळ हवा डोक्यावर परिणाम करते. माणूस चिडचिडा होतो, हट्टी होतो, 'मला काही झालेलं नाही' असं ठासून सांगतो. सोबत कुणी असेल तर ते ओळखतं. एकटीला ओळखायला कुणी नाही, आणि जिनं ओळखायचं तीच बिघडलेली. त्यामुळे तिथे घ्यायचे निर्णय इथे, राजारामपुरीतल्या तुझ्या टेबलाशी बसून, पेनानं कागदावर लिहून ठेवायचे. तिथे गेल्यावर विचार करायचा नाही, कागद वाचायचा.

कागदावर काय लिहायचं? डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, गरगर, भूक मेलेली किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा, यातलं काहीही असलं तर त्या दिवशी वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल किंवा वाढलं असेल तर खाली. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालता येत नाही, किंवा नुसतं बसून धाप लागतेय, खोकला सुटत नाही, असं काही दिसलं तर तडक खाली. रात्र असली तरी, मिळेल त्या वाहनानं, सायकल ढाब्यावर टाकून. हे शेवटचं मोठ्या अक्षरात लिही. लाखभर रुपयांची सायकल माणसाला चुकीच्या जागी थांबवून ठेवते, आणि तिथले ढाबेवाले ती सांभाळून ट्रकमधून पाठवण्याइतके भले असतात. कागदाची एक प्रत हँडलबार बॅगेत ठेव. एक बाबांकडे, त्याचं पुढे सांगते.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स नावाची गोळी तू ऐकली असशीलच. ती उपयोगी आहे, पण ती घ्यायची का, किती, हे तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांग. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायचा विचार असेल तर तोही त्याच वेळी बोल. मेडिकलवाल्याला परस्पर विचारायची ही गोष्ट नव्हे. आणि गोळी घेतली म्हणून पत्सेओ गाळायचं नाही.

तेव्हा रस्त्यावरचे बारा दिवस धर, त्यात दोन बिनकामाचे. दरड पडली, बर्फ आला, पोट बिघडलं, यासाठी वर दोन-तीन मोकळे. येण्याजाण्याचे धरून एकूण वीस-बावीस. बँकेत एवढी रजा एकदम मागणं सोपं नाही, कल्पना आहे. पण अकरा महिने आधी मागितलेली बावीस दिवसांची रजा मिळू शकते, महिनाभर आधी मागितलेली चौदा दिवसांची नाकारली जाऊ शकते. साहेबांना आत्ताच सांगून ठेव.

जूनचा हट्टही सोड. जूनच्या सुरुवातीला रस्ता नुकता खुला झालेला असतो, वरचे तंबू-ढाबे सगळे लागलेले नसतात, बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना दुपारी जोर असतो आणि रोहतांगला बर्फात फोटो काढणाऱ्यांच्या गाड्यांची रांग असते. जुलै-ऑगस्टात मंडी-कुल्लू भागात दरडींची भीती. २०२३ च्या जुलैत बियासला आलेल्या पुरानं कुल्लू-मनालीचा रस्ता जागोजाग तोडला होता, ते आठवत असेल. माझ्या मते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. हवा स्वच्छ, नाले शांत, वाहनं कमी. रात्री मात्र कडाक्याच्या आणि महिना सरता सरता पहिल्या बर्फाची शक्यता. गणपतीत घरी नसणार, यावर आई काय म्हणेल ते तुझं तू बघ.

आता यंदाच्या चौदा दिवसांचं काय? ते वाया घालवू नकोस. त्यातले पाच-सहा या हिवाळ्यात इथल्याच घाटांना दे. आंबा घाट उतरून चढणं ही उत्तम राईड आहे, पण ती रिकाम्या सायकलनं, संध्याकाळी घरच्या जेवणावर. पंधरा किलो सामान लादलेली सायकल हे वेगळंच जनावर असतं. ती वळणावर उशिरा वळते, उतारावर ब्रेकला दाद देत नाही आणि उभं राहून पॅडल मारायला गेलीस की शेपूट हलवते. हे तुला रोहतांगच्या उतारावर पहिल्यांदा कळायला नको.

वाट मी सुचवते. कोल्हापूर ते गगनबावडा, पंचावन्न किलोमीटर, पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी करूळ घाट उतरायचा. दुरुस्ती किंवा दरडीमुळे तो अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघायच्या आधी विचारून घे. तो बंद असेल तर शेजारचा भुईबावडा आहेच. खाली वैभववाडी, तळेरे, कणकवली. तिसऱ्या दिवशी फोंड्याला येऊन राहायचं आणि चौथ्या दिवशी उजाडताच निघून, फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी. पाचव्या दिवशी घरी. अंगात रग उरलीच तर कणकवलीहून फोंड्याला न वळता खाली सावंतवाडी गाठ आणि आंबोली चढून आजरा, गडहिंग्लजमार्गे ये. आंबोलीचा चढ लांबलचक आहे. लादलेल्या सायकलवर तो सलग, न उतरता चढता आला तर गिअर बरोबर आहेत असं समज.

दाजीपूरच्या टापूत गवे आहेत आणि आजऱ्याकडे हत्तीही येतात, म्हणून अंधारात चाक फिरवायचं नाही. हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर राधानगरी रस्त्यावर अख्खी लेन अडवून चाललेले असतात. मागे लाल दिवा नसतो, पण गाण्यांचा आवाज मात्र दोन गावं आधी ऐकू येतो. त्यांच्या मागे चिकटून जाऊ नकोस. वरून सुटलेला ऊस चाकात आला की काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचार.

या फेरीत किलोमीटर मोजू नकोस, बाकीचं बघ. मागचं चाक पंक्चर झालं तर सगळ्या बॅगा उतरवून, चाक काढून, ट्यूब बदलून पुन्हा लादायला किती वेळ लागतो? तंबू टॉर्चच्या उजेडात लागतो का? कुठली बॅग दिवसातून दहा वेळा उघडावी लागते आणि कुठली एकदाही नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'दुपारी चारनंतर चढायचं नाही' असा नियम घरून करून निघ, आणि माथा तीन किलोमीटरवर दिसत असताना तो पाळून बघ. फोंड्यात चार वाजता थांबून, चढलेला घाट उतरून पुन्हा गावात मुक्कामाला जाणं जमलं, तर सरचूच्या अलीकडे मागे फिरणं जमेल. मला तुझ्या पायांबद्दल शंका नाही, याबद्दल आहे. पत्रात 'करायचंच' हा शब्द नाही, पण सूर तोच आहे.

सामानाचं बोलू. तंबू ने, स्टोव्ह नेऊ नकोस. मोसमात झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, व्हिस्की नाला, पांग, डेबरिंग या ठिकाणी तंबूंचे ढाबे असतात. राजमा-चावल, मॅगी, ऑम्लेट, चहा आणि रात्री जाड रजया मिळतात. गॅसचे डबे रेल्वेतही नेता येत नाहीत आणि विमानातही, आणि साडेचार हजारांवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे कुकरशिवाय डाळ शिजवत बसशील तर रात्र होईल. तंबू मात्र हवाच. दोन ढाब्यांच्या मध्ये वारा सुटला, स्पोक तुटला किंवा डोकं धरलं, तर जिथे आहेस तिथे आडवं होता आलं पाहिजे. स्लीपिंग बॅग शून्याखाली पाच-दहा अंशांना पुरेल अशी. खाणं घरचं ने, आणि असं ने की भूक नसताना घशाखाली उतरेल. वर गेल्यावर भूक मरते, गोड एनर्जी बार बघून शिसारी येते. गूळ-शेंगदाणे, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या. शंभर रुपयांच्या भडंगानं तुझी एक खिंड निघेल, माझा शब्द.

सायकलीला सगळ्यात पुढची छोटी चकती २२ किंवा २४ दातांची आणि मागची मोठी ३४ किंवा ३६ ची असावी. पुढची मागचीपेक्षा बरीच लहान हवी. तुझ्या दुकानदारानं 'एवढं लागत नाही' म्हटलं तर दुसऱ्याला विचार. टायर पावणेदोन-दोन इंची. कॅरिअरचे बोल्ट हा लांबच्या प्रवासातला सगळ्यात फालतू आणि सगळ्यात नेमानं दगा देणारा भाग आहे. खडखडाटानं ते ढिले होतात आणि एके दिवशी बॅग चाकात जाते. आपण कोल्हापुरात राहतो, उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. नायलॉक नट, म्हणजे खडखडाटानं ढिले न होणारे, घालून घे, कॅरिअरच्या जोडावर कुणा चांगल्या वेल्डरची नजर फिरव आणि जादा बोल्ट खिशात ठेव. मागच्या डिरेल्युअरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा हँगर, फ्रेमला तो जोडणारा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा, तुझ्याच मॉडेलचा एक जादा घे. प्रत्येक सायकलचा तो वेगळा असतो आणि केलाँगच काय, लेहमध्येही तुझा मिळेलच असं नाही. मागच्या चाकाचे उजव्या बाजूचे स्पोक, चेनची जोडकडी, ब्रेकचे पॅड दोन जोड. तांगलांगहून उतार मैलोन्मैल चालतो. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, जोरात लावायचा आणि सोडायचा.

बाबांकडे येते. भावाची गाडी मागून नको, हे तुझं बरोबर आहे, पण कारण नीट सांग. 'मला स्वातंत्र्य हवं' असं म्हणशील तर वाद वाढेल. त्यांना सांग की भाऊ गाडीत बसला म्हणून त्याला विरळ हवा सोडत नाही. तुझा मुक्काम सायकलीच्या वेगानं वर सरकेल, पण तो कंटाळून एक दिवस पुढे जाऊन सरचूला वाट बघत बसला आणि रात्री आजारी पडला, तर तुझी मदत होण्याऐवजी तुलाच त्याची शुश्रूषा करावी लागेल. शिवाय मागे गाडी आहे म्हटल्यावर तू जरा जास्तच पुढे जाशील. माणूस जातोच.

पण नुसतं 'नको' म्हणून बापाचं समाधान होत नाही. त्यांना काम दे. प्रत्येक रात्रीचा मुक्काम लिहिलेला तक्ता, त्याशेजारी उंची, आणि शेवटच्या रकान्यात 'या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर' असं. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड चालत नाही, पोस्टपेड घ्यावं लागतं, आणि दारच्यापासून तांगलांगपलीकडच्या उपशी गावापर्यंत फोन लागणारच नाही असं धरूनच तक्ता कर. त्या पट्ट्यात चार-पाच दिवस शांतता असणार, हे त्यांना आधी माहीत असेल तर दुसऱ्या दिवशी ते देव पाण्यात ठेवणार नाहीत. सहाव्या दिवशी काय करायचं तेही लिही : कुणाला फोन, ११२ वर काय सांगायचं, तुझ्या जॅकेटचा आणि सायकलीचा रंग कोणता. मध्ये कधी खाली जाणारा टॅक्सीवाला भेटला तर नंबर लिहून दे, रेंजमध्ये गेल्यावर ते लोक आठवणीनं फोन करतात. परदेशातल्या कुणा नातेवाईकानं सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हण. परवान्याशिवाय ते आपल्याकडे बेकायदा आहे आणि लडाखसारख्या सीमाभागात ते सापडणं म्हणजे पोलीस चौकी.

आणि तो लिहिलेला कागद. त्यावर बाबांसमोर सही कर. त्यांना तू जाण्याची भीती नाही, तू थांबणार नाहीस याची आहे. ती बिनबुडाची आहे असं मला पत्र वाचून म्हणवत नाही.

बाई म्हणून जे वेगळं बघायचं ते फार नाही. तंबू-ढाब्यांत झोपायची जागा सगळ्यांची एकत्र असते. पांगला आणि इतर काही ठिकाणी लडाखी बायका चालवतात ते तंबू निवड, त्या रात्री चुलीशेजारची जागा देतात. मोरेच्या मैदानात मैलभर झुडूप नाही. पहाटे उरकून निघ, आणि सोबत लांब, सैल कुर्ता ठेव. लघवीला लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तो वेडेपणा तिथे अजिबात करू नकोस, डोकेदुखी निम्मी तिथूनच सुरू होते.

फोंड्याची फेरी झाली की पाच दिवसांत बॅगेतून एकदाही बाहेर न निघालेल्या वस्तूंची यादी मला पाठव. हातोडीएवढा पाना आणि तिसरी जीन्स त्यात नक्की असणार. यादी आली की गिअरचं आणि सप्टेंबरच्या तारखांचं पुढे ठरवू. आणि रजेचा अर्ज याच आठवड्यात टाक, मार्चएंडच्या धांदलीत साहेब कुणाचंच ऐकून घेत नाहीत.